कोकणातील नवी घरे : रेखाटन, छायाचित्र आणि पाऊस

कोकण किनाऱ्यावरील नव्या वास्तूंची ओळख आज बहुतेकांना छायाचित्रांतून होते, आणि ही छायाचित्रे जवळजवळ नेहमी कोरडे अंगण नि तिरपे ऊन दाखवणारी असतात. ज्या पट्ट्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथील घराचे हे अर्धेच दर्शन होय.

पूर्वी येथे घर कागदावर उतरवण्याची गरज सहसा पडत नसे. जांभ्याच्या चिऱ्याचे माप, वाशाची लांबी आणि पडवीची खोली गवंडी-सुतारांच्या हातात बसलेली असे. १८६५ मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातील एकसारखी कौले किनाऱ्यावर पसरत गेली, तेव्हा नळीच्या कौलांबरोबर ती जुनी सैल मापेही मागे पडली, कारण दोन रिपांमधील अंतर आता कारखान्यातले कौल ठरवू लागले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. मात्र त्या काळच्या कॅमेऱ्याला लेणी, किल्ले नि देवळे यांचे आकर्षण अधिक, राहत्या घराकडे वळण्याचे कारण त्याला क्वचितच दिसे.

हे चित्र अलीकडे पालटले, आणि त्यात मुरूडजवळच्या नांदगाव येथील पामायरा हाउसचा वाटा मोठा आहे. वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबई या संस्थेने माडांच्या बागेत २००७ मध्ये पूर्ण केलेल्या या घराच्या दोन लांबट भागांना ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. डिजिटलऐवजी फिल्मवर छायाचित्रे घेणाऱ्या छायाचित्रकार हेलेन बिने यांनी टिपलेल्या त्याच्या छायाचित्रांत या पट्ट्यांतून झिरपणारा उजेडच मुख्य विषय ठरतो. याच स्टुडिओने २०१० च्या व्हेनिस वास्तुकला बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मात्र आपल्या कार्यशाळेतील रेखाटने, प्रतिकृती आणि साहित्याचे नमुने मांडले. तयार घराच्या देखणेपणापेक्षा ते घडते कसे, याला तेथे महत्त्व होते. आमच्या मते कोकणच्या संदर्भात ही निवड अधिक प्रामाणिक आहे, कारण छपराचा उतार, वळचणीची लांबी, जोत्याची उंची आणि पश्चिमेकडून येणारी पावसाची झड यांचा परस्परसंबंध कॅमेऱ्याला एका चौकटीत पकडता येत नाही. घराचा उभा छेद, म्हणजे घर उभे कापल्यासारखे दाखवणारे रेखाटन, हाताने काढला, तर चार रेघांत हा संबंध कळतो.