सुट्या पैशांत परकं नाणं येतं कुठून?

सुटे पैसे मोजताना एखादं अनोळखी नाणं हाती लागतं. आकार आणि वजन ओळखीचं, चेहरा मात्र भलत्याच राजाचा. आज याचं नवल वाटतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणाला वाटलं नसतं. तेव्हा नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत होती. व्यापारी ते तोलून, वाजवून घेत, मग छाप कुणाचीही असो. स्पेनचं आठ रियालचं नाणं अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं.

सगळ्यांत विलक्षण कथा मारिया थेरेसाच्या थेलर या चांदीच्या नाण्याची. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी १७८० मध्ये वारली. पण इथिओपियात आणि अरबस्तानात लोकांचा विश्वास तिच्याच नाण्यावर बसलेला, म्हणून साल न बदलता ते पुढेही पाडलं जात राहिलं. व्हिएन्नाबाहेर, रोम आणि लंडनमध्येसुद्धा. त्यामुळे १७८० कोरलेलं नाणं खुशाल विसाव्या शतकातलं असू शकतं. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात २३ ग्रॅमांहून थोडी जास्त चांदी. उशिरा पाडलेल्या बहुतेक नाण्यांना या चांदीच्या आसपासच भाव येतो. नुसतं साल वाचून किंमत सांगणाऱ्यावर मी तरी विसंबणार नाही.

पुढे नाण्यांतली चांदीच गेली. ब्रिटनने १९२० मध्ये ती निम्म्यावर आणली, १९४७ पासून काढूनच टाकली. अमेरिकेत रोजच्या डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टरमध्ये (पंचवीस सेंट) १९६४ सालापर्यंतच ९० टक्के चांदी आहे. जुनी नाणी शोधणाऱ्यांना ही सालं तोंडपाठ असतात.

आता परकं नाणं सुट्या पैशांत शिरतं ते हुबेहूब आकारामुळे. थायलंडचं दहा बातचं नाणं दोन युरोच्या नाण्यासारखंच दुरंगी, वजनही तेच. घाईत ते सहज खपून जातं.

भाव आता दुर्मिळतेवर आणि स्थितीवर ठरतो. मोनॅकोने २००७ मध्ये अभिनेत्रीची मोनॅकोची प्रिन्सेस झालेल्या ग्रेस केलीच्या स्मरणार्थ काढलेली दोन युरोची नाणी अवघी २०,००१. ती आजही दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट भावाने विकली जातात. नुसतं जुनेपण पुरत नाही: स्वित्झर्लंडमध्ये १८७९ चं दहा राप्पेनचं (तिथले सुटे पैसे) नाणं अजून चलनात आहे.

स्थिती पाहायची तर नाणं उजेडात तिरकं धरावं. कानावरचे केस, गालाचा उंचवटा आधी झिजतात. तिथे बारीक रेघा शाबूत असतील तर नाणं फारसं फिरलेलं नाही. आणि कृपा करून ते घासू नका. घासलं की मूळची झाक जाते, ती परत येत नाही, आणि जाणकार संग्राहक लगेच किंमत खाली आणतो.