प्वेब्लो बोनितो: वाळवंटातल्या दगडी गावाची पार्श्वभूमी

न्यू मेक्सिकोच्या वायव्येला चाको कॅन्यन आहे. उत्तरेकडून गेलात तर शेवटचे वीसेक किलोमीटर कच्चा रस्ता. पाऊस झाला असेल तर चिखल, नसेल तर गाडी खिळखिळी. आत पेट्रोल मिळत नाही, खायलाही काही नाही. उभ्या कड्याच्या पायथ्याशी अर्धवर्तुळात पसरलेल्या दगडी भिंती दिसतात, ते प्वेब्लो बोनितो. स्पॅनिशमध्ये ‘सुंदर गाव’. हे नाव बांधणाऱ्यांचे नाही, आणि इथल्या इतिहासाची गुंतागुंत नावांपासूनच सुरू होते.

१८४९ मध्ये अमेरिकी लष्कराचा लेफ्टनंट जेम्स सिम्पसन नवाहो या स्थानिक आदिवासींविरुद्धच्या मोहिमेबरोबर या खोऱ्यातून गेला. वाटाड्यांमध्ये हेमेझ गावचा होस्टा होता. तो प्वेब्लो, म्हणजे अशा दाट वस्तीच्या गावांत राहणाऱ्या मूळ रहिवाशांपैकी. म्हणजे असे गाव ज्यांच्या अंगवळणी होते, त्यांच्यापैकीच एक जण सिम्पसनबरोबर चालत होता. सिम्पसनने मात्र बांधणीची सफाई पाहून तिचे श्रेय दूर मेक्सिकोतल्या टोल्टेक या प्राचीन लोकांकडे झुकवले. अशाच समजातून उत्तरेकडच्या एका गावाला मेक्सिकोतल्याच दुसऱ्या लोकांचे ‘ॲझ्टेक’ हे नाव चिकटले, ते आजही तसेच आहे. पुढे पुरातत्त्वज्ञांनी ‘अनासाझी’ हा नवाहो शब्द उचलला. त्याचा अर्थ साधारण ‘शत्रूंचे पूर्वज’. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी असे म्हणावे हे प्वेब्लो लोकांना रुचले नाही, यात नवल ते काय? आता ‘पूर्वज प्वेब्लो’ म्हणतात.

बांधकाम नवव्या शतकाच्या मध्याला सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने जवळपास तीनशे वर्षे चालले. ६०० हून अधिक खोल्या, काही भाग चार मजली, मध्ये चौक आणि त्यात जमिनीत खणलेल्या गोल ‘किवा’, म्हणजे विधींच्या आणि बैठकीच्या जागा. चौक पाहून आपल्याला वाडा आठवतो, पण इतक्या खोल्यांत चुली फारच कमी सापडल्या. त्यामुळे इथे कायम वस्ती किती होती यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. काहींच्या मते हे बारमाही गाव कमी आणि सणासुदीला, देवाणघेवाणीला जमण्याचे ठिकाण जास्त. मकाव पोपटांचे सांगाडे, पिरोजाचे हजारो मणी आणि उंच नळकांडी भांडी इथे मिळाली. त्या भांड्यांच्या खापरांत कोकोचे अंश असल्याचे २००९ मध्ये सिद्ध झाले. कोको या वाळवंटात उगवत नाही. तो मेक्सिकोच्या उष्ण प्रदेशातून माणसांच्या पाठीवरून आला असणार, कारण ओझ्याचे जनावर नव्हते आणि चाकही नव्हते.

छपरांच्या तुळयाही अशाच आल्या. चुस्का आणि झुनी डोंगर ७० किलोमीटरहून दूर. चाकोतल्या मोठ्या वास्तूंना मिळून दोन लाखांवर खोडे लागली असावीत, असा अंदाज आहे. याच लाकडाने पुढे गावाचे वय सांगितले. ए. ई. डग्लस हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचे चक्र झाडांच्या वर्तुळांत उमटते का, हे तो शोधत होता. ओल्या वर्षी वर्तुळ रुंद, दुष्काळी वर्षी अरुंद. हा नमुना एका भागातल्या झाडांत सारखाच दिसतो. अवशेषांतल्या तुळयांवरून त्याने ५८५ वर्षांची साखळी जुळवली, पण जिवंत झाडांवरून मागे नेलेल्या साखळीला ती कुठे जोडायची ते कळेना. अखेर २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातल्या शो लो इथे एक जळकी तुळई मिळाली आणि दोन्ही साखळ्या जुळल्या. तोवर नुसता अंदाज असलेल्या बोनितोला एकदम सन मिळाले. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत आवडतो.

त्याआधीचे उत्खनन इतके सरळ नव्हते. १८९६ पासून हाइड बंधूंच्या पैशावर रिचर्ड वेदरिल या पशुपालकाने खोल्या उकरल्या आणि वस्तू न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेल्या. अवशेषांच्या जमिनीवरच त्याने हक्क सांगितला होता. या उकरण्यावरून उठलेली ओरड १९०६ च्या पुरावस्तू कायद्यामागचे एक कारण ठरली. पुढच्याच वर्षी चाको राष्ट्रीय स्मारक झाले.

भिंतींमागे कड्यापासून सुटलेला एक अजस्र सुळका उभा होता. तो कलेल या धास्तीने बांधणाऱ्यांनीच त्याच्या पायाशी दगडामातीचा टेका दिला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो पडला नाही. जानेवारी १९४१ मध्ये कोसळला आणि तीसेक खोल्या घेऊन गेला.

११३० नंतर दीर्घ दुष्काळ आला, बांधकाम थांबले आणि माणसे पांगली. ‘गूढरीत्या नाहीशी झाली’ हे वाक्य पर्यटनाच्या मजकुरात हमखास भेटते, ते सोडून द्यावे. झुनी, आकोमा, होपी आणि रिओ ग्रांदेकाठची गावे आजही नांदती आहेत, आणि चाको हा आपल्या पूर्वजांच्या वाटचालीतला मुक्काम असल्याचे ती सांगतात. म्हणूनच इथून खापराचा तुकडाही उचलायचा नाही, भिंतीवर चढायचे नाही.

भोवताली तेल आणि वायू आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने आता राष्ट्रीय उद्यान असलेल्या चाकोभोवती सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सरकारी जमिनीवर नवे भाडेपट्टे २० वर्षांसाठी बंद केले. तेव्हा सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याच्या मंत्री होत्या लगुना प्वेब्लोच्या डेब हालंड. प्वेब्लो गावांनी स्वागत केले. नवाहो राष्ट्राने विरोध केला, कारण तिथल्या अनेक नवाहो कुटुंबांच्या खासगी जमिनी या पट्ट्यात अडकल्या आहेत आणि तेलाचे उत्पन्न हा त्यांचा मोठा आधार आहे.