बंदूक लाथ मारस

शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, मामांचं शेत. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची बारा बोअरची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. मक्यात रानडुकरं शिरली की मामा बांधावर जाऊन हवेत बार काढायचे. मला मात्र तिला हात लावू देत नसत. "बंदूक लाथ मारस रे भो," एवढंच अहिराणीत सांगायचे.

ती लाथ म्हणजे नववीच्या पुस्तकातला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत: गोळी जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) पुढे नेते, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. पुस्तकात तो दोन ओळींत उरकतो, खांद्यावर उरकत नाही. आणि बंदूक जितकी हलकी तितकी लाथ मोठी.

आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनंतर शिकारीचा विषय संपला. अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये मात्र हरणांच्या मागे दिवसदिवस डोंगर चढणारे शिकारी आहेत. पाठीवरचं प्रत्येक पाव किलो त्यांना जाचतं. म्हणून कार्बन फायबरचा दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) आणि बारीक नळी वापरून अडीच-पावणेतीन किलोच्या रायफली बनल्या. चढताना सुख, घोडा दाबताना दुःख.

हिशेब करून बघू. थर्टी-ओ-सिक्स हे १९०६ साली अमेरिकी सैन्यासाठी आलेलं काडतूस शिकारीत आजही वापरात आहे. त्याची एक नेहमीची गोळी सुमारे ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ८२० मीटर. म्हणजे गोळीचा संवेग झाला ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. पण नळीतून एकटी गोळी बाहेर पडत नाही. साडेतीन ग्रॅमच्या आसपास दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीपेक्षाही जोरात, सेकंदाला १,४०० मीटरच्या घरातल्या वेगाने सुटतो. त्याचा वाटा पाचेक. बेरीज जवळपास १५. तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो.

रायफल ४ किलोची असेल तर ती सुमारे ३.७ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येते आणि तिच्यात २७ ज्यूल ऊर्जा असते. २.७ किलोची असेल तर वेग साडेपाच मीटर आणि ऊर्जा ४० ज्यूल. वजन एक तृतीयांश घटलं, ऊर्जा दीडपट झाली. ज्यूलने काही कळत नसेल तर असं समजा: पावणेतीन किलोचं कलिंगड दीड मीटर उंचीवरून खांद्यावर पडलं. तेही सबंध खांद्यावर नाही, दस्त्याच्या टोकाएवढ्या जागेवर.

वायूचा तो वाटा मला फार गंमतीचा वाटतो, कारण शेतात तो रोज दिसतो. विहिरीवरची मोटर चालू केली की रबरी पाइपाचं मोकळं तोंड सापासारखं उसळतं. पाणी पुढे, पाइप मागे. पण त्याच पाण्याला बाजूला तोंडं काढून दिली तर मागचा रेटा कमी होतो. रायफलीच्या नळीच्या टोकाला बसवतात तो मझल ब्रेक हेच करतो. टोकाजवळ आडवी भोकं असतात, वायू त्यांतून बाजूला, काही रचनांत थोडा मागेही वळतो. गोळीच्या ९.६ला त्याला हात लावता येत नाही, वायूच्या पाचाचं मात्र तो बरंच काही करू शकतो. मोठ्या काडतुसात दारू जास्त, म्हणून तिथे त्याचा उपयोगही जास्त. पण बाजूला वळलेला आवाज थेट चालवणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानावर येतो. रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या आसपास. कानांना संरक्षण नसेल तर एका बारानेही कायमची इजा होऊ शकते. खांदा वाचवून कान घालवायचा हा सौदा मला तरी पटत नाही. ब्रेक लावायचाच तर कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत.

दुसरा उपाय रबरी गादीचा. केळीचा घड खांद्यावर घेताना मजूर खाली दुमडलेलं कापड घेतो. वजन तेवढंच राहतं, पण दांडा रुतत नाही. दस्त्याच्या मागची मऊ गादी तेच करते आणि वर आणखी एक काम करते. ती दबता दबता वेळ काढते. तोच संवेग थांबवायला दुप्पट वेळ मिळाला की सरासरी बल निम्म्यावर येतं.

नवखा माणूस भीतीपोटी रायफल खांद्यापासून बोटभर लांब धरतो. इथेच फसतो. मोकळी रायफल आधी पूर्ण वेग घेते, मग येऊन आपटते. खांद्याच्या खळग्यात घट्ट रोवली तर पहिल्या क्षणापासून खांदा तिच्यासोबत मागे जाऊ लागतो, म्हणजे तिच्या वजनात तुमचंही थोडं वजन मिळतं. म्हणूनच उभं राहून झाडलेला बार सोसवतो, शरीर झुलतं. पोटावर झोपलं की मागे सरकायला जागाच नसते. रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा चिकटवून बसणाऱ्याच्या भुवईवर अर्धचंद्रासारखी खोक पडते, ती वेगळीच.

वजन वाढवणं, हलकी गोळी घेणं, दारू कमी भरणं, हे सरळ उपाय आहेतच. सैन्यानेही ७.६२ मिलिमीटर व्यासाच्या गोळीवरून ५.५६च्या गोळीवर येताना हा फायदा पाहिला: चारेक ग्रॅमची गोळी, धक्का कमी, नेम धरून दुसरी गोळी लवकर. भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत अशी लहान शस्त्रांची काडतुसं बनतात.

पण खरा घोटाळा खांद्यात नाहीच. गोळी नळीत असते ती जेमतेम एक-दीड मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हलकी रायफलसुद्धा तीनेक मिलिमीटरच मागे सरकते. लाथ बसल्याचं मेंदूला कळेपर्यंत गोळी नळीतून केव्हाच बाहेर पडलेली असते. मग नेम चुकतो कशाने? लाथ बसण्याआधीच माणूस तिच्यासाठी आवळतो. डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट घोडा हळू दाबायच्या ऐवजी हिसक्याने ओढतं.

यावर जुनी युक्ती आहे. दुसऱ्याने रायफल भरून द्यायची, कधी खरं काडतूस, कधी बिनदारूचं नकली. चालवणाऱ्याला सांगायचं नाही.

कॉलेजात एनसीसीत असताना धुळ्याजवळच्या रेंजवर आमच्या उस्तादांनी ती माझ्यावर केली. रायफल .२२ची. अडीच ग्रॅमची गोळी, काही किलोंची रायफल, म्हणजे लाथ नावालाही नाही. पण मामांचं वाक्य डोक्यात होतं. मी श्वास रोखला, दात आवळले, घोडा दाबला. टक् एवढाच आवाज आला. नळीचं टोक मात्र दोन बोटं खाली गेलं होतं आणि माझे डोळे गच्च मिटलेले होते. शेजारी पालथा पडलेला मित्र विचारत होता, "लागनं का रे भो?"