गुंडाळत्या शिडाची पूर्वपीठिका

सागरी सफरीसाठी शिडाची नौका घेणाऱ्याला आज सर्वप्रथम जे खर्चिक निर्णय घ्यावे लागतात, त्यांत पुढचे शीड आणि ते गुंडाळून ठेवणारी रोलर फर्लिंग यंत्रणा यांची निवड येते. या यंत्रणेची कथा बहुधा पेटंटे आणि कारखाने यांच्या क्रमाने सांगितली जाते. माझ्या मते ती कापडाच्या बाजूने अधिक नीट उलगडते, आणि कापसावर पोसलेल्या खानदेशातील वाचकाला ही बाजू परकी वाटण्याचे कारण नाही.

युरोपातील शिडे दीर्घकाळ जवसाच्या धाग्याच्या कापडाची असत. 1851 मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्लंडमधील वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली, तेव्हा यंत्रमागावर विणलेल्या तिच्या सुती शिडांचा सपाटपणा ब्रिटिश नौकावाल्यांच्या डोळ्यांत भरला आणि शर्यतीच्या नौकांवर सुती कापडाचे युग सुरू झाले. दहाच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडून येणारा कापूस आटला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतल्यामुळे खानदेशातील भाव चढले. त्याच दशकात रेल्वेही जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली. तथापि आपला त्या काळचा देशी कापूस आखूड धाग्याचा होता, तर उत्तम शिडांना लांब धाग्याचा, विशेषतः मिसरी, कापूस लागे. त्यामुळे खानदेशाचा या कथेशी संबंध बाजारभावापुरता धरावा. जगभरची शिडे आपल्या गठाणींतून निघाली असे अभिमानाने सांगण्यात अर्थ नाही.

शीड दोरांनी आवळून बांधण्याऐवजी गुंडाळून लहान करावे, ही कल्पना मोठ्या जहाजांवर आधी आली. 1850 मध्ये कनिंगहॅम यांनी वरच्या चौकोनी शिडासाठी फिरत्या आडव्या काठीची योजना पेटंट केली, तिच्यामुळे खलाशांना वादळात डोलकाठीवर न चढता शीड आटोपता येऊ लागले. लहान नौकांच्या पुढच्या शिडासाठी इंग्लंडमधील मेजर ड्यू बूले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी रुळाची रचना वापरात आणली; दुकानाचे शटर वर गुंडाळले जाते त्याप्रमाणे, फक्त उभ्या अक्षावर, शीड रुळाभोवती वळत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले वायकेम-मार्टिन यांचे साधन याहून सुटसुटीत होते. त्यात खाली दोरीचा ड्रम, वर फिरती कडी आणि मध्ये शिडाच्या पुढच्या काठात शिवलेली तार, एवढेच भाग होते.

या साधनाची मर्यादा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे, कारण आजची बहुतेक सुधारणा तिच्याच उत्तरादाखल झाली. शीड पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटलेले, अशा दोनच अवस्था त्यास मानवत. ड्रम फिरवला की तारेला पीळ बसे, खालचा भाग लगेच वळे आणि वरचा मागे राही. अर्धवट गुंडाळलेल्या स्थितीत वारा भरला की शीड फुगून बेढब होई. दुसरी अडचण कापसाची. ओले सुती शीड गुंडाळून ठेवले की त्यावर बुरशी धरते आणि कापड कुजते, त्यामुळे प्रत्येक सफरीनंतर ते उतरवून वाळवावे लागे. गुंडाळण्याची सोय मग कितीशी उरली?

हा तिढा पॉलिएस्टरने सोडवला. 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनज्ञांनी शोधलेला हा धागा अमेरिकेत डेक्रॉन नावाने आला, आणि 1950 च्या दशकात अमेरिकेतील मार्बलहेडच्या टेड हूड यांच्यासारखे शीडकार शिडासाठी त्याचे घट्ट कापड स्वतः विणू लागले. पॉलिएस्टर ओलाव्याने कुजत नाही, म्हणून शीड महिनोन्‌महिने गुंडाळलेले राहू शकते. उन्हाने मात्र ते जीर्ण होते, म्हणूनच मिटल्यावर बाहेर राहणाऱ्या काठांवर रंगीत संरक्षक पट्टी शिवतात.

1970 च्या दशकात फोरस्टेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून (नाळेपासून) डोलकाठीपर्यंतच्या पुढच्या तारेवर, अ‍ॅल्युमिनियमचे खाचेदार फॉइल, म्हणजे तारेभोवती बसणारी ताठ पोकळ पट्टी, बसवण्याची पद्धत रुळली. शिडाचा काठ खाचेत सरकवला जातो, आणि ड्रमचा पीळ आता तारेऐवजी ताठ फॉइलमधून टोकापर्यंत जात असल्याने शीड वरखाली जवळपास एकसारखे वळते. येथून गुंडाळणे आणि वाऱ्याप्रमाणे शिडाचे क्षेत्र कमी करणे ही दोन्ही कामे एकाच साधनाकडे आली. हूड, फ्रान्सचे प्रोफर्ल, स्वीडनचे सेल्डेन आणि अमेरिकेचे हार्केन या कंपन्यांमधील स्पर्धेने पुढे बेअरिंग, स्विव्हल (वरची फिरती कडी) आणि जोड यांत सुधारणा होत गेल्या.

निवडीचे प्रश्न या इतिहासातूनच निघतात. जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागे जाणारे मोठे शीड, 1920 च्या दशकात स्वीडिश स्वेन सालेन यांनी शर्यतीत पुढे आणले. सफरीच्या नौकेवर 150 टक्क्यांचे, म्हणजे डोलकाठी आणि फोरस्टे यांच्या तळातील अंतराच्या दीडपट रुंदीचे, जेनोआ हलक्या वाऱ्यात मोहक वाटते. परंतु साधारण तीस टक्के क्षेत्र गुंडाळल्यानंतर बहुतेक शिडांचा आकार बिघडू लागतो. पुढच्या काठात शिवलेली फोमची पट्टी मधले अधिक कापड खाऊन टाकते आणि शीड सपाट ठेवते, ही जुन्या बेढबपणावरची आजची दुरुस्ती. मुंबईहून कोकणाकडे जाणाऱ्या नौकेला सफरीच्या मोसमात सकाळी मंद आणि दुपारनंतर जोरकस वायव्य वारा मिळतो. तेथे फोमची पट्टी असलेले 130 ते 135 टक्क्यांचे शीड मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुंबईत स्थायिक झालेल्या एखाद्या खानदेशी माणसाने जुनी नौका घेतली, तर ड्रमच्या चकाकीपेक्षा डोलकाठीच्या शेंड्याकडे आधी पाहावे. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढणारी दोरी, फॉइलला समांतर चालली असेल तर ती त्याभोवती गुंडाळली जाते आणि सारी यंत्रणा अडकते. फोरस्टेपासून तिचा सुमारे दहा अंशांचा कोन राखावा लागतो, आणि तो मिळत नसेल तर दोरीची दिशा वळवणारी कडी बसवावी लागते.

पावसाळ्यापूर्वी शीड फॉइलवरून उतरवावे, बेअरिंग गोड्या पाण्याने धुवावीत. वादळी शिडाची सोय वेगळीच करावी लागते, कारण जोराच्या वाऱ्यात गुंडाळलेले जेनोआ खाचेतून काढून दुसरे शीड चढवणे जवळपास अशक्य असते; लांबच्या सफरीवर जाणारे म्हणून आतल्या बाजूस काढता-घालता येणारा दुसरा स्टे, म्हणजे डोलकाठीच्या आधाराची तार, बसवतात आणि त्यावर जुन्या पद्धतीच्या कड्यांनी लहान शीड अडकवतात.