महाराष्ट्रातले ज्यू ‘ससूनबरोबर आले’? नाही!

पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ससून यांनी बांधलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आणि मुंबईचं ससून डॉक पाहून अनेकांची समजूत होते की आपल्याकडचे ज्यू म्हणजे इंग्रजी अमदानीत आलेले बगदादी व्यापारी. साफ चूक. बगदादचे व्यापारी डेव्हिड ससून मुंबईत आले १८३२ च्या सुमारास. सॅम्युएल दिवेकरांनी इथलं पहिलं सिनेगॉग बांधलं १७९६ मध्ये! दिवेकर, पेणकर, रोहेकर ही आडनावंच सांगतात की माणसं कोकणातली. बेने इस्रायली (म्हणजे हेच कोकणातले ज्यू) कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात मराठीच. नवस फेडायला मलिदा, तोही संदेष्टा एलियाहूच्या नावाने. बगदादी मंडळींचे रीतिरिवाज वेगळे, आणि खरं तर दोघांत फारसं सख्यही नव्हतं.