गोगलगायीने खाल्लेलं मशरूम सेफ असतं? अजिबात नाही!

शरद ऋतूत घराजवळ झाडांखाली मशरूम उगवली की हा सल्ला फिरतोच, की गोगलगायीने किंवा किड्यांनी कुरतडलेलं असेल तर बिनधास्त खा. प्लीज असं करू नका. डेथ कॅप हे जीवघेणं मशरूम गोगलगायी आरामात खातात, त्यांना काही होत नाही, आपलं मात्र लिव्हर निकामी होऊ शकतं. त्यातलं अमाटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही आणि विषारी मशरूमने चांदीचा चमचा काळा पडतो म्हणतात, तसा तोही पडत नाही. सगळ्यात घातक म्हणजे उलट्या-जुलाब बहुतेकदा ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग मधेच बरं वाटतं, लोकांना वाटतं सुटलो, पण आत लिव्हरचं नुकसान चालूच असतं. चुकून खाल्लंच तर त्रासाची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा, उरलेला तुकडा सोबत न्या.