समन्यायी पाणीवाटप (गोदावरी खोरे)

टंचाईच्या वर्षी एकाच खोऱ्यातील वरच्या आणि खालच्या धरणांनी तूट सारख्या प्रमाणात सोसावी, यासाठी महाराष्ट्रात कायद्याने घालून दिलेली व्यवस्था. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२ नुसार खरिपाचा वापर धरून ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील उपलब्ध पाण्याची टक्केवारी साधारण सारखी हवी.

या तरतुदीचा खरा कस गोदावरी खोऱ्यात लागतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट); पण आसपास पाऊस तुटपुंजा, त्यामुळे सारी भिस्त नाशिक-नगरकडून येणाऱ्या पाण्यावर. तिकडे दारणा, भंडारदरा ही ब्रिटिशकाळापासूनची धरणे, त्यांच्या कालव्यांवर पोसलेला ऊस आणि पुढे वाढत गेलेले साठे. पावसाने ओढ दिली की वरची धरणे भरतात आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, अर्धा रिकामा राहतो. या धरणांच्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये पाणी सोडण्याचे कोष्टक मांडले. त्यावरूनच १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरून पाणी सोडायचे, हा दंडक आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

आदेश निघाला तरी पाणी पैठणला पोचवणे सोपे नसते. वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठच्या मोटारी चालू नयेत म्हणून वीज तोडली जाते, दरवाजांपाशी पोलीस बंदोबस्त ठेवला जातो. कोरड्या वाळूत मुरते ते वेगळेच. त्यामुळे सोडलेले आणि पोचलेले पाणी यांचे आकडे जुळत नाहीत, आणि वरचा शेतकरी विचारतो, आमचे पाणी वाळूत घालायला नेता का? प्रश्न रास्त आहे, पण नदी ओली असतानाच पाणी सोडले तर ही तूट कितीतरी कमी होते. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसीचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. विरोध आणि न्यायालयाच्या फेऱ्यांत पाणी सुटायला नोव्हेंबरची अखेर आली. दर टंचाईत हेच होते. पक्ष कोणताही असो, नगरचा आमदार नगरचा आणि मराठवाड्याचा आमदार मराठवाड्याचा होऊन बोलतो.

या व्यवस्थेची मोठी उणीव अशी, की ती धरणांतला साठा वाटते, पिकांना हात लावत नाही. ऊस वरही आहे आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्याच्या परभणीकडच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आवर्तन (पाण्याची पाळी) पोचेपर्यंत हरभऱ्याची वेळ टळून गेलेली असते. पैठणला आलेले पाणी शेवटच्या चारीपर्यंत नेण्याचे काम हे कलम करत नाही. ते पाणी वापर संस्थांचे, म्हणजे कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या संस्थांचे, काम. याच खोऱ्यात, दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर अशा संस्थांनी पाणी मोजून घेऊन टेलच्या शेतकऱ्याला आधी पाळी देण्याची रीत बसवली आहे.